सहा सेंटिमीटर खाली

प्रिय बाळ,

तू माझ्यावर रागावलेली आहेस हे ठाऊक असूनही लिहितोय. शेवटपर्यंत वाच, एवढंच आधी मागतो.

तुझा निरोप येऊन अकरा दिवस झाले. त्यात तीन ओळी होत्या. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या फोटोत आईची पिकअप चाकं काढून गॅरेजात उभी दिसते, ती का. तुला एका शब्दाने विचारावं असं मला वाटलं नाही का. आणि बारा तारखेला, आईला वर्ष होईल तेव्हा, तू येशील त्या वेळी 'ती बाई' आईच्या रोपांच्या नर्सरीत दिसता कामा नये. मी उत्तर दिलं नाही. फोन केला असता तर प्रवासाची आणि तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला असता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझी आई म्हणायची, यांच्याकडून एक बातमी काढायची तर आधी दोन दिवसांची रजा टाकावी लागते.

सकाळी दहाला लिहायला बसलो. खरं तर बसलो नाही. घरात बसणं मला आताशा जमत नाही. खुर्चीला पाठ टेकली की काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं आणि मी उठतो. नळ बघतो, दाराची कडी बघतो, परत येतो. आई गेल्यापासून घरातली प्रत्येक खिडकी मोजून झाली आहे. स्वयंपाकघरातल्या खिडकीची एक बाजू चार मिलिमीटर बुटकी निघाली. तिच्या लक्षात आलं असणार, माझ्या आलं नव्हतं. हे पत्र मागच्या खोलीत, माझ्या कामाच्या टेबलाशी उभ्याने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

आधी गाडीचं सांगतो. ते सोपं आहे.

गाडी बावीस वर्षांची झाली. तू पाचवीत होतीस तेव्हा आली आणि पहिल्या दिवसापासून ती तुझ्या आईची. मी चालवायला शिकलो नाही. शिकवणाऱ्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं, साहेब, तुम्ही गिअर टाकायच्या आधी फार विचार करता, मागच्यांचे हॉर्न वाजतात. मी कारखान्यात तपासनीस. दुसऱ्यांनी केलेली वस्तू मोजायची आणि बरोबर की चूक ते सांगायचं, हे मी चौतीस वर्षं केलं. स्वतः काही करायची वेळ फार आली नाही. गाडीत मी नेहमी शेजारच्या सीटवर, मांडीवर एखादं गुलाबाचं रोप घेऊन. तुझी आई शेंगदाणे खात गाडी चालवायची आणि टरफलं माझ्या हातावर ठेवायची.

गाडी उंच आहे. दाराखालची जी पत्र्याची कड असते, तिला आमचा मिस्त्री उंबरा म्हणतो. तो उंबरा जमिनीपासून छप्पन्न सेंटिमीटरवर. तरुण माणसाला ते काहीच नाही. पण आईचे गुडघे गेले तेव्हा ती आधी दाराला धरायची, मग स्टिअरिंगला, आणि एक दम खाऊन अंग वर टाकायची. तू सुट्टीत यायचीस तेव्हा ती तुझ्यासमोर चढायची नाही. तू आत गेलीस की चढायची. हे तुला माहीत नसेल.

चार वर्षांपूर्वी तिला सिग्नलला काही मुलांची एक जुनी पिकअप दिसली, जमिनीला जवळजवळ टेकलेली. तिने काच खाली करून विचारलं, काय रे, ही अशीच बसकी जन्मली की नंतर बसवलीत? मुलांनी हसत हसत सगळं सांगितलं. ती घरी आली ती त्याच आनंदात. म्हणाली, अहो, गाडी खाली आणता येते. त्यांच्याइतकी नको, थोडीशी. मी म्हटलं, बघतो. आणि मी बघितलं, माझ्या पद्धतीने. गाडी बनवणाऱ्यांनी दिलेलं पुस्तक काढलं, तिच्यावर जास्तीत जास्त किती भार टाकता येतो ते पाहिलं, एक टन. एक टन भरल्यावर मागचा भाग किती दबेल, खाली किती जागा उरेल, नर्सरीच्या फाटकातला उंचवटा किती, हे सगळं एका कागदावर मांडलं आणि खाली लिहिलं, शक्य नाही. तिने कागद नीट वाचला. मग म्हणाली, तुमच्या मोजपट्टीला गुडघे नाहीत, म्हणून. पुढे त्या कागदात तिने मिरचीचं बी बांधून ठेवलं.

त्यानंतर तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तोच हिशेब तोंडी सांगितला.

मध्ये उठून आलो. लिंबाच्या झाडाला या वर्षी बेसुमार लिंबं लागली आहेत, काही खाली पडून सडताहेत, ती गोळा केली. दीड वाजलाय. जेवण झालं की नाही ते आठवत नाही, पण ताट धुतलेलं आहे, म्हणजे झालं असावं.

तर गाडी. आई गेल्यापासून ती नर्सरीतल्या पत्र्याखाली उभी होती, जवळजवळ अकरा महिने. गेल्या महिन्यात मी मिस्त्रीला बोलावून आणलं आणि म्हटलं, ही खाली आणायची. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, ही हौस विशीतली पोरं करतात. त्यांना मागच्या काचेवर नाव पण लिहून हवं असतं. तुमचं काय लिहू? मी म्हटलं, काही नको, सहा सेंटिमीटर. त्याने विचारलं, गाडी चालवणार कोण? मी वाकून उंबरा मोजायला लागलो. मग तो म्हणाला, चढायलाच त्रास होत असेल तर एवढा खटाटोप कशाला, एक पायरी लावून देतो बाजूने, तासाभराचं काम. मी त्याच्यावर ओरडलो. पायरी नको म्हटलं ना. माझा आवाज इतका चढलेला मी स्वतः कधी ऐकला नव्हता. त्या माणसाने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, बरं, काका. नंतर दिवसभर तो माझ्याशी हळू आवाजात बोलत होता, आजारी माणसाशी बोलतात तसं.

मी रोज गॅरेजात जात होतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कधी संध्याकाळीही. मिस्त्रीने शेवटी माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली, पण मी तिच्यावर बसलो नाही हे बघून तिच्यावर हत्यारं ठेवायला लागला.

हे काम कसं होतं ते तुला सांगतो, कारण तू विचारलंस की मी आईची गाडी का उघडून टाकली. मागच्या चाकांवर गाडीचा भार पाट्यांवर असतो, म्हणजे वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची थप्पी. आपल्या गाडीत चाकांना जोडणारा ॲक्सल त्या पाट्यांच्या वर बसतो. दोघांना बांधणारे बोल्ट सोडायचे, मध्ये एक लोखंडी ठोकळा सरकवायचा आणि जास्त लांबीचे बोल्ट लावून पुन्हा आवळायचं. मला आधी उलटं वाटलं. मध्ये काही घातलं तर गाडी वर जायला हवी. पण ॲक्सल जागच्या जागी राहतो, पाटे त्याच्यापासून खाली सरकतात आणि पाट्यांबरोबर गाडी खाली येते. पुढे पाटे नाहीत. तिथे दोन लांब पोलादी दांडे असतात, ते पिळलेले राहतात आणि त्या पिळावर पुढचा भार तोललेला असतो. त्यांचा बोल्ट थोडा थोडा सैल केला की पीळ कमी होतो आणि नाक खाली बसतं. दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सैल करायचे. ते मोजायचं काम मिस्त्रीने मला दिलं. मला वाटतं माझी दया येऊन दिलं.

उघडल्यावर पहिल्यांदा कळलं की गाडी सरळ नाही. चालकाची बाजू चौदा मिलिमीटर खाली होती. मी तीनदा मोजलं. मिस्त्री म्हणाला, बरोबर आहे, वीस-बावीस वर्षं एकटंच माणूस बसत असेल तर एका कुशीवर होते गाडी. मग जीभ चावून म्हणाला, तशा बाई काही जड नव्हत्या हो. मी म्हटलं, नव्हती. त्या बाजूला पातळ ठोकळा घालून त्याने गाडी सरळ केली. मी नको म्हणणार होतो. पण वाकडी गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला देणं बरोबर नाही, म्हणून बोललो नाही.

एक चूक मी केली, ती सांगतो. गाडी जॅकवरून खाली उतरवली आणि मी लगेच पट्टी लावली. उंबरा त्रेपन्नावर. मी म्हटलं, तीनच सेंटिमीटर झाले, पुढचा बोल्ट आणखी सोडा. त्याने सोडला. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी भरलं, पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी तो वैतागला. म्हणाला, काका, तुम्ही कारखान्यात साहेब असाल, इथे नाही. उचललेली गाडी खाली ठेवल्या ठेवल्या खरी उंची सांगत नाही. तिला जरा चालवा, दोन-चार खड्ड्यांतून काढा, ती आपल्या जागी बसेल, मग मोजा. तो ती चौकापर्यंत नेऊन आणेपर्यंत नाक पार खाली गेलं होतं, चाक वळवलं की पत्र्याला घासत होतं. सगळे फेरे उलटे मोजून परत आवळावे लागले. त्यात अख्खा दिवस गेला. आयुष्यभर मोजत आलेल्या माणसाने ही चूक करावी याची मला लाज वाटली, आणि रात्री जेवताना थोडं हसूही आलं. आई असती तर हा किस्सा तिने महिनाभर पुरवला असता.

मग भाराची परीक्षा. ती मला करायचीच होती, कारण माझा नकार तिच्यावरच उभा होता. नर्सरीतून मातीची पोती मागवली. ती हातगाडीवर घालून कुंडी घेऊन आली.

आता तिच्याविषयी लिहितो. तू 'ती बाई' असं लिहिलंस. ती नर्सरीत कामाला आल्यापासून अठरा वर्षं तू तिला कुंडीमावशी म्हणत होतीस. हे नाव आईनेच ठेवलेलं, ती अशी बुटकी आणि गोल म्हणून, आणि तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट म्हणायची, कुंडीत काहीही खोचा, उगवतंच. आई गाडीत बसून तिला काही सांगायची तेव्हा ही खालून ओरडायची, ताई, जरा मोठ्याने, मला गच्चीवरून बोलल्यासारखं ऐकू येतंय. दोन वर्षांपूर्वी आईने तिला गाडी शिकवली. पाठीशी उशी, खाली उशी, तरी क्लचला पाय पुरवताना ती सीटच्या टोकावर यायची. परवाना मिळाला त्या दिवशी दोघी मला न सांगता तलावापर्यंत जाऊन आल्या होत्या. आई गेल्यावर तिने गाडीला हात लावला नाही. रोपं हातगाडीवर पोचवते. अकरा महिने झाले.

गॅरेजात तिने आणि मिस्त्रीने पोती चढवली. मी प्रत्येक पोत्यानंतर मागे किती जागा उरली ते मोजत होतो. दहा पोती झाली आणि ती थांबली. मी म्हटलं, अजून पंधरा हवीत, एक टन व्हायला हवा. ती म्हणाली, कशाला, दादा? ताई दहाच्या वर कधी भरायच्याच नाहीत. जास्त भरलं की फर्न चिरडतात. मिस्त्री खाली वाकला आणि ॲक्सल आणि वरच्या रबरी गट्टूच्या मध्ये हात घालून म्हणाला, चार बोटं जागा आहे काका, आरामात. मी तिथेच उभा होतो, हातात पट्टी. फाटकातल्या उंचवट्यावरून गाडी नंतर नेऊन पाहिली, तिथेही ती कुठे लागली नाही. चार वर्षांत मी एकदाही तुझ्या आईला विचारलं नव्हतं की तू गाडीत भरतेस किती. पुस्तकात एक टन लिहिला होता, मी तोच धरला. माझा हिशेब बरोबर होता आणि तो तिच्या गाडीचा नव्हता.

तुझा निरोप मी कुंडीला सांगितला नाही. तो शेजारच्या काकूंनी सांगितला, त्यांच्याकडे काही टिकत नाही. दुसऱ्या दिवशी ती नर्सरीच्या किल्ल्या घेऊन घरी आली. म्हणाली, दादा, दहा तारखेला मी निघते. लेकीला आईच्या जागेत यायला माझी अडचण नको. बहिणीच्या गावाला फुलांच्या दुकानात काम आहे, तिथे जाईन. मी किल्ल्या घेतल्या नाहीत. पण नको जाऊ असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, गाडी होईल परवापर्यंत. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती गेली. त्या किल्ल्या या कागदाच्या शेजारीच आहेत.

तेव्हा आता तुला कळलं असेल की गाडी मी कोणासाठी खाली आणली. मला वाटलं होतं गाडी पुरेल. तिला नीट चढता यावं अशी गाडी तिच्यासमोर उभी केली की बाकीचं आपोआप समजेल, आणि ती राहील. माणसांचं मन वळवायला मी नेहमी वस्तूच पुढे केल्या आहेत. तू पहिल्यांदा घर सोडून शिकायला गेलीस तेव्हा मी तुला कंपासपेटी दिली होती. तुझी आई म्हणाली होती, अहो, पोरीला दोन शब्द बोला, ती काय कोन मोजायला चालली आहे?

परवा मिस्त्री गाडी नर्सरीत सोडून गेला. उंबरा पन्नासवर, दोन्ही बाजू सारख्या. सीटचे बोल्टही एक खाच पुढे घेतले होते. मी कुंडीला म्हटलं, बसून बघ. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ चढली, कशाला न धरता. क्लच दाबून बघितला, आरसा थोडा खाली केला. मी वाट बघत होतो. ती काच खाली करून म्हणाली, छान झाली, दादा. ताई असत्या तर इथून हलल्या नसत्या. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत म्हणाली, गाडी तुम्ही खाली आणलीत, पण ताईंच्या लेकीला मी अजून तिथेच उभी दिसते, पाइप हातात धरून. एवढं बोलून ती उतरली आणि जाऊन रोपांना पाणी घालायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं ती अकरा महिन्यांत पहिल्यांदाच याविषयी बोलली.

तेव्हापासून मला बसवत नाही हे खरं, पण आधीही बसवत नव्हतं. त्याचं कारण आता सांगतो. चार वाजत आले आहेत आणि अजून उशीर केला तर मी पुन्हा लिंबं गोळा करायला जाईन.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला विचारलंस, आई कशी पडली? मी म्हटलं, ओल्या जमिनीवर पाय घसरला. तू विचारलंस, पाणी कोणी सोडलं होतं? मी म्हटलं, कुंडीने. दोन्ही उत्तरं मोजून दिल्यासारखी होती आणि दुसरं तर शंभर टक्के खरं होतं, रोज सकाळी पाणी तीच सोडते. तू तिथेच तिच्याकडे वळून म्हणालीस, इतकी वर्षं झाली, वेळेवर पाइप बंद करायला कळत नाही? तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, चुकलं माझं. मी दोन पावलांवर उभा होतो, हातात चहाचे दोन कप. नवव्या दिवशी रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि आई गेली, आणि त्यानंतर तू कुंडीशी एक शब्द बोलली नाहीस. आता खरं ऐक. आईचा पाय जमिनीवर घसरला नाही. ती माझ्या स्टुलावरून पडली. ते स्टूल तू पाहिलेलं नाहीस, मी ते करायच्या आधीच तू सुट्टी संपवून गेली होतीस. तिसऱ्यांदा गाडीचं विचारल्यावर मी तिला चढायला एक लाकडी स्टूल करून दिलं, अठ्ठावीस सेंटिमीटर, बरोबर निम्म्या उंचीचं, वर चढल्यावर ओढून घ्यायला दोरी बांधलेलं. मी ते इथे घरातल्या फरशीवर ठेवून तपासलं. जरासुद्धा डुगडुगत नव्हतं. नर्सरीतल्या मातीत तपासलं नाही. ती म्हणाली होती, याचे पाय रुततात हो, खाली एखादी फळी ठोका. मी म्हटलं, रविवारी ठोकतो. दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात तिने एक पाय वर टाकला आणि स्टुलाचा पाय मातीत गेला. त्या दुपारी तिचे कपडे आणि कागदपत्रं घ्यायला मी परत आलो तेव्हा ते तसंच आडवं पडलेलं होतं. मी ते उचललं. कुंडी समोर होती. तिने काही न विचारता मला फडकं दिलं आणि मी चिखल पुसून ते माळ्यावर टाकलं, तू यायच्या आत. बाळ, नर्सरीतली जमीन बावीस वर्षं ओलीच होती आणि त्या जमिनीवर तुझी आई एकदाही पडली नव्हती. हे तुला सांगता यावं म्हणून हे सगळं लिहिलं. बाकी पानं मला इथपर्यंत यायला लागली. कुंडी दहाला निघेल, पत्र तुला आठ तारखेपर्यंत मिळायला हवं, म्हणून आज स्वतः जाऊन टाकतोय. तू आलीस की जे बोलायचं ते मला बोल, मी उठून जाणार नाही. तिच्याशी बोलायचं की नाही आणि काय, ते तू ठरव, पण आता हे कळल्यावर ठरव, आणि दहाच्या आत.

तुझाच, तू बोलली नाहीस तरी,
बाबा